भाचीचा पट्टा

हुरड्याचे दिवस आले की नगरहून कर्जतकडं जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्या उभ्या राहतात. ‘अस्सल गावरान हुरडा’, ‘हुरडा, बैलगाडी, झोपाळे आणि वाय-फाय’. माझा मुलगा दर वर्षी आम्हा सगळ्यांना असल्या एखाद्या ठिकाणी घेऊन जातो. खाटेवर बसायचं, भाड्याचा फेटा बांधलेल्या माणसानं आगटीतलं कणीस हातावर चोळून दिलं की ‘वाव’ म्हणायचं. मीही ‘वाव’ म्हणते. म्हातारीनं कुठं नाक खुपसावं आणि कुठं खुपसू नये, हे मला आता बऱ्यापैकी कळतं.

बऱ्यापैकीच. यंदा ‘बाथरूमला जाऊन येते’ म्हणून उठले ती थेट ज्वारीत शिरले. ज्वारीच्या बुडाशी वाकून बघितल्याशिवाय हुरडा माझ्या घशाखाली उतरत नाही, ही माझी जुनी खोड. बघितलं, आणि होता. ज्वारीच्या दोन उभ्या ताटांच्या मध्ये वीतभर उंचीचा, पांढऱ्या फुलांचा. टारफुला.

न ओळखणाऱ्याला तो गोडच वाटेल. नाजूक, अंग चोरून उभा, देवाला वाहावीत अशी फुलं. खाली मातीत मात्र त्यानं आपलं मूळ ज्वारीच्या मुळाला चिकटवलेलं असतं आणि तिच्या जिवावर तो वर फुलत असतो. रानात ओल असूनही ज्वारी तहानल्यासारखी पिवळी पडते, खुरटते, कणीस धरलंच तर मुठीत मावेल एवढं. मी खाली बसले, गुडघ्यांनी केलेला आवाज ऐकून न ऐकल्यासारखा केला आणि उपटायला लागले.

मालक पळत आला. “ओ आजी! कणसं नका तोडू, तिकडं भाजून दिलीत ना!”

“कणसं नाही रे बाबा, तण काढतेय.”

“ऱ्हाऊ द्या की. त्याला बायका हायेत. तुमी जावा, झोक्यावर बसा.”

मागोमाग सून आली. “आई, लोक बघतायत.” तिच्या मागोमाग नात, मोबाईल समोर धरून. “आजी, तू नक्की काय करतेयस?”

“संशोधन,” मी म्हणाले.

नात खो खो हसली. तिचं बरोबर होतं. हा शब्द मी पहिल्यांदा तोंडातून काढला तेव्हा असंच कुणीतरी हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी मला फार गंभीरपणे घेतलं, आणि सगळ्यांत जास्त गंभीरपणे मी स्वतः.

तो एकाहत्तर सालचा हिवाळा. मी नगरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय वनस्पतीशास्त्र. तोवर वनस्पतीशास्त्र म्हणजे फुलं तोडायची, वर्तमानपत्रात दाबायची, वर गादी ठेवायची आणि गादीवर भावाला झोपवायचं. त्या वर्षी सरदेसाई सर नव्यानं आले. तरुण, किडकिडीत, बोलताना खडूचा तुकडा झेलत राहायचे. पहिल्याच तासाला म्हणाले, “वाळवणं पुरे झालं. प्रश्न विचारा. शेतात जा, मोजा, लिहा. हिवाळ्यानंतर पुण्याला विद्यार्थ्यांच्या संशोधनाचं प्रदर्शन आहे. आपल्या कॉलेजातून कोणी जाणार आहे का?”

माझा हात वर गेला होता. प्रश्न काय विचारायचा हे अजून ठरायचं होतं, पण हात वर होता.

पुढं डिसेंबरात लढाई लागली. नगर म्हणजे लष्कराचं गाव. रस्त्यानं ट्रकांच्या रांगा, घराघरात खिडक्यांच्या काचांना तपकिरी कागद, चौकाचौकात रेडिओभोवती घोळके. देश सीमेकडं डोळे लावून बसला होता, आणि वडिलांच्या कचेरीतल्या शिपायापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना मी सांगत सुटले होते की मीही एका महत्त्वाच्या मोहिमेवर आहे. दर शनिवारी ही वीरांगना कर्जतची एस.टी. पकडायची. काखेला पिशवी, पिशवीत भिंग, मोजपट्टी, सुतळीचा चौकोन, फॉर्मॅलिनची बाटली. आणि अंगात प्रयोगशाळेतला पांढरा एप्रन. होय, एस.टी.त. धुळीचं काय करायचं याचा विचार संशोधक करत नसतात.

कंडक्टरनं विचारलं, “डाक्टरीणबाई, माणसांच्या का जनावरांच्या?”

“वनस्पतींच्या,” मी मान ताठ करून म्हणाले.

त्यानं तिकीट फाडलं आणि पुढच्या बाकावरच्याला सांगितलं, “झाडपाल्यावाली हाय.”

कर्जतच्या अलीकडं माझ्या मामाचं गाव. तिकडं भाचीचा मान मोठा. मामानं भाचीकडून पाया पडून घ्यायचं नाही, उलट त्यानंच तिच्या पायाला हात लावायचा. आणि भाचीनं तोंडानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आमच्या आईच्या माहेरी हे अगदी काटेकोर पाळायचे. लहानपणी मी याचा फायदा घेऊन शेरडाचं करडू मागितलं होतं आणि ते एस.टी.च्या टपावर बांधून नगरला आणलंही होतं. या खेपेला मी रान मागितलं.

मामाचे काळ्या रानाचे काही तुकडे होते. ओढ्याकडच्या रानात दर रब्बीला मालदांडी ज्वारी. वर्षभराची भाकरी त्यातच. मामा बाजार, गावकी, बैलांची खरेदी बघायचा. पेरणीनंतर रान बघायची ती हौसामामी. माझ्याहून फार मोठी नव्हती. मी परकरात होते तेव्हा ती नवरी होऊन आली होती. दातांना मिश्री, कपाळाला आडवी चिरी, आणि हातात कायम काहीतरी: खुरपं, पाटी, गोफण. पाखरं राखायला माचाणावर चढली की तिच्या गोफणीचा असा कडाका फुटायचा की मी वहीतले आकडे विसरायचे.

मी तिला समजावून सांगितलं. निम्म्या पट्ट्यातला टारफुला उपटायचा, निम्म्यातला मुळीच उपटायचा नाही. मग दोन्हीकडची ज्वारी मोजायची. न उपटलेल्या पट्ट्याला सर ‘कंट्रोल’ म्हणतात.

“कंट्रोल? त्ये रेशनचं दुकान आस्तंय त्ये?”

“नाही गं मामी. शास्त्रातलं कंट्रोल.”

“बरं. म्हंजी त्यो उपटायचा न्हाई.”

“नाही.”

“वाडू द्यायचा.”

“हो.”

तिनं माझ्याकडं बघितलं, मग रानाकडं. “आगं, आमी त्याला फुल यायच्या आदी धरतो आन मुळासकट वडतो. सासूबाईनं मला पयल्या वर्साला त्येच शिकिवलं. घरचं आन्न खातंय त्ये.”

“एकच वर्ष, मामी. माझ्यासाठी.”

मामा ओट्यावरनं ओरडला, “आगं भाचीनं मागितलंय! दे की पट्टा. कुठं रान उचलून नेतीय ती?”

संपलं. मामीनं खुरप्याच्या टोकानं बांधापासून आत एक रेघ ओढली आणि त्या रेघेच्या पलीकडचं मला दिलं.

अडचण आली ती सावडीच्या बायकांची. तिथं खुरपणी सावडीनं व्हायची. आज सगळ्याजणी माझ्या रानात, उद्या तुझ्या. या बायका मामीच्या रानात आल्या, एका ओळीत बसल्या, हात आणि तोंडं सारख्याच वेगानं चालू लागली. त्यातली गंगूबाई माझ्या पट्ट्यापाशी आली आणि तिनं सवयीनं हात घातला.

“गंगे, थांब! त्याला हात लावू नगंस!” मामी ओरडली.

“का? नवसाचा हाय व्हय टारफुला?”

“भाचीचा पट्टा हाय त्यो. ती शिकतीय त्याच्यावर.”

गंगूबाईनं मला एप्रनसकट नखशिखांत पाहिलं. “आगं बया. आमी उपटून उपटून मेलो, आन हितं ह्याला पाळत्यात.” सगळ्या हसल्या. मामीही हसली, पण हसता हसता ती माझ्या पट्ट्याच्या कडेला जाऊन बसली, राखणीला बसावं तशी. नंतर गावात त्याचं नावच पडलं, भाचीचा पट्टा. मला ते फार आवडलं होतं. वहीवर मी ते अवतरणचिन्हात लिहिलं होतं.

खरं सांगू का, त्या हिवाळ्याइतकी मी पुढं कधी सुखात नव्हते. हेच मला बोचतं. पाप करताना माणसाला थोडं तरी वाईट वाटावं, तर मला हुरडा आठवतो. सकाळी ज्वारीच्या पानांवरनं दव अंगावर सांडायचं, पानांच्या कडा हाताला खरखरीत ओरखडे काढायच्या. मामी गोवऱ्यांच्या आगटीत कणसं घालायची. हिरवट धूर, भाजल्या दाण्याचा दुधट वास, शेंगदाण्याची चटणी, वर गुळाचा खडा. कुणाच्या तरी बांधावरून ट्रान्झिस्टरवर लढाईच्या बातम्या यायच्या. मी बादलीत मुळं धुवायचे. माती हळूहळू सुटायची आणि भिंगाखाली तो सांधा दिसायचा: ज्वारीचं जाड मूळ, त्याला टारफुल्याचं बारीक मूळ येऊन टेकलेलं, टेकल्या जागी गाठ. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ओरडलेच. मामी माचाणावरनं धावत आली. तिला वाटलं, साप. मी तिला भिंग दिलं. एक डोळा मिटून ती बराच वेळ बघत बसली.

“पितोय गं,” ती हळूच म्हणाली. “दिसतोय की पिताना.”

तिच्याच घरी मी शनिवार-रविवार जेवायचे, तिनं रांधलेलं, तिनं वाढलेलं, आणि जाताना डब्यात भाकरीही न्यायचे. मी आणि टारफुला, आमचं दोघांचं तिथलं काम तसं एकच होतं, हे तेव्हा भिंगातून दिसलं नाही.

आता ते वाक्य. कॉलेजच्या ग्रंथालयात सरांनी मला एक जाड इंग्रजी ग्रंथ काढून दिला होता. त्यात टारफुल्यावर दोनच पानं होती. मी शब्दकोश घेऊन बसले. तिथं लिहिलं होतं की याच्या एकेका झाडाला हजारोंनी बी येतं, तपकिरीपेक्षा बारीक. ते मातीत पडतं आणि ज्वारीचं मूळ जवळ येईपर्यंत कित्येक वर्षं जिवंत राहतं. मी ते वाक्य दोनदा वाचलं. वहीत उतरवून घेतलं, सुवाच्य अक्षरात. त्याचा अर्थ मला कळला नाही असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. पण माझं इंग्रजी एवढं वाईट नव्हतं.

संक्रांतीच्या सुमाराला पट्टा पांढरा झाला. रेघेच्या अलीकडची ज्वारी माझ्या डोक्याच्या वर, पलीकडची कमरेला. सरांनी बघितलं असतं तर मला खांद्यावर घेऊन नाचले असते. मामी माझ्यामागं येऊन उभी राहिली.

“आता फुलंबी आली. काडू का?”

“अजून नाही. मला त्याची बोंडं पाहिजेत, बियांसकट. बरणीत ठेवायची आहेत.”

“बी धरू द्यायचं?” तिचा आवाज बदलला. “सुमन, काय व्हनार न्हाई ना गं? फुडच्या वर्साला?”

बघा, तिनं विचारलं होतं. सरळ, एका ओळीत, तिला माहीत नसलेली आणि मला माहीत असलेली गोष्ट विचारली होती. कळसूबाईवर चढवलेल्या निशाणासारखा माझा एप्रन वाऱ्यावर फडफडत होता. पुण्याचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

“छे गं,” मी म्हणाले. “एवढ्याशा पट्ट्यानं काय होतंय?”

तिनं मान डोलावली. शिकलेल्या भाचीनं सांगितलं म्हटल्यावर तिला तेवढं पुरेसं होतं. बोंडं तडकायला लागल्यावर मी ती पांढऱ्या कागदावर झटकली. बरंचसं बी कागदावर पडलं, बाकीचं वाऱ्यानं नेलं, ज्वारीच्या आतल्या अंगाला. नुसती धूळ उडाली असं दिसलं. मी नाकाला रुमाल लावला.

पुण्याला माझं कौतुक झालं. बरणीतली मुळं, शेजारी दोन कणसं, एक वीतभर आणि एक बोटभर, वर तक्ता. एका परीक्षकांनी विचारलं, “शेतकऱ्याला याचा उपयोग काय?” त्यावर मी जे बोलले ते ऐकून माझ्या शेजारच्या मुलानं पाणी दिलं मला. देशाचं अन्नधान्य, शेतकऱ्याचं अज्ञान, विज्ञानाचा प्रकाश. अहवालाच्या शेवटी आभार होते: सरांचे, प्राचार्यांचे आणि ‘आपले शेत उपलब्ध करून दिल्याबद्दल’ मामाचे. मामा त्या पट्ट्याकडं सबंध हिवाळ्यात एकदा गेला होता, तेही सुटलेला बैल शोधायला.

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. बहात्तरचा दुष्काळ आमच्या पिढीला वेगळा सांगावा लागत नाही. ओढ्याकडचं रान पेरलंच नाही. मामी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. ज्या कंट्रोलची तिनं थट्टा केली होती त्याच दुकानासमोर ती अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीसाठी उभी राहायची, आणि त्या मिलोची भाकरी थापताना तुटायची. मी पुण्याला एम.एस्सी.ला होते. वसतिगृहात बसून मी दुष्काळावर एक लेखही लिहिला. नशीब माझं, कुणी छापला नाही.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. आईनं सांगितलं, मामानं ओढ्याकडचं रान पेरलंय, दोन वर्षांनी घरची भाकरी खायला मिळणार, तू हुरड्याला येच. मी गेले. या खेपेला एप्रन नव्हता. माझं लग्न ठरलं होतं आणि मी नायलॉनची साडी नेसले होते.

बांधावर पोचले आणि बघितलं. भाचीच्या पट्ट्याला आता रेघ नव्हती. तो बांधापासून ओढ्यापर्यंत गेला होता. जिकडं बघावं तिकडं ती नाजूक पांढरी फुलं आणि त्यांच्यामध्ये पिवळी, खुरटी ज्वारी, हात पसरून मागायला उभी राहिल्यासारखी. मामी आत वाकलेली होती. एकटीच. सावडीच्या बायका आपापल्या रानात गुंतल्या होत्या. तिच्या हातांना खडीच्या कामानं पडलेल्या भेगा होत्या, त्या भेगांत माती होती.

दुपारी जेवताना मामानं भाकरीचा तुकडा ताटात आपटला. “इतक्या वर्साचं रान. आईच्या हयातीत कदी टारफुला दिसला न्हाई. ही खडी फोडून आली आन अंगात आळस भरला. येळंवर खुरपलं न्हाई, दुसरं काय?”

मामी चुलीपुढं होती. तिनं भाकरी उलटली.

“आवो, येळंवरच...” असं काहीतरी सुरू केलं तिनं, पण मामा माझ्याकडं वळला होता. “भाचे, तू सांग. तू शिकलीस यातलं. कशानं आलं हे?”

माझ्या तोंडात घास होता. मी तो चावत राहिले. एवढा वेळ कुणी एक घास चावत नाही. मग मी गिळला आणि म्हणाले, “दुष्काळानं जमिनीचा कस गेला ना मामा, कस गेला की टारफुला जोर धरतो. पुस्तकात आहे तसं.”

पुस्तकात ते होतंही. एक ओळ खाली होतं. म्हणून तर मला इतक्या झटकन सुचलं.

मामा गुरगुरत पुन्हा जेवायला लागला. आणि मामीनं चुलीपासून वळून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत उपकार होते. भाचीनं आपली बाजू घेतली, असं तिला वाटलं होतं. तिनं मला अजून एक भाकरी वाढली, तव्यावरची, मधोमध लोण्याचा गोळा ठेवून. मी ती खाल्ली.

मी पुढं आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलं. परजीवी वनस्पतींचा धडा आला की मुलांना फळ्यावर तो सांधा काढून दाखवायचे, आणि माझा सांधा उत्तम यायचा. मुली विचारायच्या, “मॅडम, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय?” मी म्हणायचे, “हो तर, कॉलेजात असताना संशोधन केलंय मी.” तेव्हाची ती दोन वेण्यांची, भिंगवाली पोरगी मला आता भेटली तर मी तिच्या दोन्ही वेण्या धरून तिला बांधावर बसवीन आणि विचारीन, बाई गं, तुला बरणीत नेमकं काय भरायचं होतं? पण मला माहितीय, ती मान ताठ करून काहीतरी इंग्रजी उत्तर देईल.

लोक म्हणतात, म्हातारपणी जुन्या गोष्टी धूसर होतात. माझं उलट झालंय. वसतिगृहातल्या खोलीचा रंग आठवत नाही, पण मामीचा ‘काय व्हनार न्हाई ना गं?’ कानात जसाच्या तसा आहे, शेवटच्या ‘गं’वर थोडा वर गेलेला. मामानं ओढ्याकडं पुढं ज्वारी लावणं सोडलं. हरभरा, करडई घ्यायचे. टारफुल्याला हरभरा चालत नाही. ज्वारी बाजारातून यायची, आणि पोतं उतरवून घेताना मामा दर वेळी तेच ऐकवायचा, बायकोच्या आळसाचं. मी दिवाळीला, लग्नकार्याला जात राहिले. दर वेळी सांगायचं ठरवून जायचे. तिकडं पोचले की मामी ओवाळायची, मामा माझ्या पायाला हात लावायचा, आणि पायाला हात लावून घेतलेल्या माणसाला मग बोलता येत नाही. येत असेल. मला आलं नाही.

मामा गेला त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी सांगितलं. मामीनं स्वतःच्या मनानं त्या रानात पुन्हा ज्वारी पेरली होती. मी तिच्याशेजारी बांधावर बसले आणि ते दोन पानांतलं वाक्य, जे मी इतकी वर्षं इंग्रजीतच ठेवलं होतं, ते मराठीत सांगितलं. हजारोंनी बी. तपकिरीसारखं. कित्येक वर्षं मातीत जिवंत. तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं, हेही सांगितलं.

मामी मिश्री लावत होती. बोट दातांवरच थांबलं.

“म्हंजी तुला ठावं हुतं.”

“हो.”

“तवाच.”

“हो, मामी.”

तिनं मिश्रीचं बोट पदराला पुसलं. “मला वाटायचं, माजंच काय तरी चुकलं. खडीच्या कामावर गेल्ते, म्हनून जिमिनीनं राग धरला. ह्ये आजारी पडल्यावरबी बोलायचे. अंथरुनातनं. हिच्या आळसापायी रान गेलं म्हनून. आन मी म्हनायचे, व्हय, माजंच.” ती माझ्याकडं वळली. “तू समोर बसून भाकर खाल्लीस की गं.”

मला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं. डोळ्यांना पदर लावून मी वाट बघू लागले. एवढ्या वर्षांच्या सवयीनं मला वाटलं, आता ती पाठीवरनं हात फिरवील, जाऊ दे म्हणेल, भाचीला कुणी काही म्हणतं का.

“रडू नगंस,” ती म्हणाली. “रडून तन निगतं व्हय?”

ती उठली. बांधाच्या आडोशाला ठेवलेलं खुरपं आणलं आणि माझ्यापुढं टाकलं. “पदर खोच.”

मी प्राध्यापिका होते. निवृत्तीला आले होते. इस्त्रीची साडी, सोन्याच्या काडीचा चष्मा, उजवा गुडघा बाद. मी पदर खोचला. ज्वारीच्या पहिल्या ओळीत बसले आणि सुरुवात केली. टारफुला होताच, थोडा, पण होता. मामी बांधावर बसून बघत होती. ना ती हसली, ना चिडली, पाणी प्यायला ये असंही म्हणाली नाही.

“मुळासकट. नुसतं शेंडं वडू नगंस.”

“बरं.”

“तितं मागं ऱ्हायलं. त्या ताटाच्या आड.”

मी मागं गेले. ज्वारीची पानं गालाला घासत होती, खरखरीत, पूर्वीसारखीच. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी हटकलं, “हौसाबाई, पावनीला काय कामाला लावलंय?”

“करू दे,” मामी म्हणाली. “तिचंच काम हाय.”

ऊन कलेपर्यंत मी वाकलेलीच होते. ओळीच्या टोकाला, ओढ्यापाशी पोचले तेव्हा कंबर धरून उभी राहिले. नखांत माती, साडीला काटे. मामी बांधाबांधानं माझ्यासोबत टोकापर्यंत आली होती.

“मामी, झालं का गं?” मी विचारलं.

तिनं खाली वाकून पूर्ण ओळीवरून नजर फिरवली, अगदी सावकाश.

“ह्या वळीचं झालं,” ती म्हणाली, आणि हनुवटीनं तिनं शेजारची ओळ दाखवली.